मुकादम रजेवर गेला तर

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, व्हीएमचं काम थेट होस्टवर जाऊन करायचं की सगळं व्हीसेंटरमधूनच?" मी "व्हीसेंटरमधूनच कर" म्हणाले आणि फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. सोमवारी तू ऐरोलीला रुजू होशील. उरलेलं अर्धंही बरोबर असलेलं बरं. नाहीतर ते एखाद्या रात्री दोन वाजता, साहेब फोनवर ताटकळत असताना शिकावं लागतं. मी तसंच शिकले.

यातलं सगळं माझं नाही. माझ्या पहिल्या साहेबांकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. सर्व्हर रूममधून बाहेर आले की ते तिच्यात दोन ओळी लिहायचे. निवृत्त होताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिच्यातली निम्मी पानं आता मोडीत निघाली, कारण ती विंडोजवर बसवलेल्या जुन्या व्हर्च्युअलसेंटरची, म्हणजे व्हीसेंटरच्या पूर्वजाची आहेत. निम्मी अजून लागू पडतात. त्यांत माझ्या चुकांची भर घालून तुला देते आहे.

आधी मुकादम ओळख

बांधकामावर मुकादम विटा रचत नाही. कोणता गवंडी कोणत्या भिंतीवर, आज सुटी कोणाला, सिमेंटची गाडी कुठे उतरवायची, हे तो ठरवतो. भिंत गवंडीच बांधतो. व्हीएमवेअरमध्ये व्हीसेंटर हा मुकादम आणि ईएसएक्सआय होस्ट हे गवंडी. व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालते ती होस्टच्या मेमरीत आणि प्रोसेसरवर. तिच्या फायली असतात डेटास्टोअरवर. व्हीसेंटरच्या पोटात एकही व्हीएम नसते. म्हणून व्हीसेंटर बंद पडलं की "सगळं गेलं" असं ओरडत धावणाऱ्यांना आधी पाणी दे. बँकेचे व्यवहार, ईमेल, हजेरीचं सॉफ्टवेअर, सगळं चालूच असतं.

मग अडतं काय? चालती व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर नेण्याचं व्हीमोशन थांबतं. होस्टांमधला भार आपोआप सारखा वाटणारा डीआरएस थांबतो. टेम्प्लेटवरून नवी व्हीएम काढता येत नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर बहुधा व्हीसेंटरलाच विचारून काम करतं, त्यामुळे रात्रीचे बॅकअप नापास होतात. म्हणजे चालू काम चालतं, नवी वाटणी थांबते.

एक गोष्ट मात्र लोकांना खरी वाटत नाही: होस्ट मेल्यावर त्याच्या व्हीएम दुसरीकडे उठवणारा एचए व्हीसेंटर बंद असतानाही चालतो. त्याची मांडणी व्हीसेंटरमधून होते, पण एकदा झाली की एचएचा छोटा एजंट प्रत्येक होस्टवर बसलेला असतो. होस्ट आपसांतूनच एक प्रमुख निवडतात. एखादा होस्ट मेला तर हा प्रमुख त्याच्यावरच्या व्हीएम दुसरीकडे चालू करतो, मुकादमाला न विचारता. 2011 साली आलेल्या व्हीस्फिअर 5 पासून ही रचना आहे. व्हीसेंटर बंद असताना एचए चालतो का, हाच प्रश्न मी नोकरीच्या मुलाखतीत पहिला विचारायची. निम्मे अडखळायचे.

एकट्या होस्टवर कधी भागतं

ईएसएक्स सर्व्हर 2001 मध्ये आला तेव्हा प्रत्येक होस्ट सुटासुटाच सांभाळावा लागे. व्हर्च्युअलसेंटर आणि व्हीमोशन 2003 मध्ये आले. मग त्याआधी माणसं काय करत होती? प्रत्येक होस्टवर जाऊन काम करत होती, आणि ते चालत होतं. आजही एखाद्या दवाखान्यात, शाळेत किंवा कारखान्याच्या शाखेत एक-दोन होस्ट असतील तर ब्राउझरमध्ये त्या होस्टचा पत्ता टाकून उघडणारा होस्ट क्लायंट पुरतो. व्हीएम बनव, चालू कर, बंद कर, कन्सोल बघ, स्नॅपशॉट घे, सगळं होतं. दोन होस्टांसाठी व्हीसेंटर बसवायचं म्हणजे दोन गवंड्यांवर मुकादम ठेवण्यासारखं आहे, आणि त्या मुकादमाला जेवायलाही बरंच लागतं.

तिसरा होस्ट आला, सामाईक स्टोरेज आलं, आणि "एक होस्ट बंद करायचा आहे, पण काम थांबता कामा नये" असं कोणी म्हणालं, की मुकादम आणायची वेळ झाली असं समज. संख्या मोजत बसू नकोस. एकच बदल तू प्रत्येक होस्टवर पुन्हा पुन्हा हाताने करतो आहेस असं लक्षात आलं, की तोच इशारा.

हाताने केलेल्या कामाची गंमत ऐक. आमच्याकडे पाच होस्टांवर साधे, म्हणजे स्टँडर्ड स्विच होते आणि पोर्ट ग्रुपची नावं ज्याने त्याने टाइप केली होती. एके दिवशी मी तिसरा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकला. दोन टक्क्यांवर काटा अडकला तो अडकलाच. दीड तास मी स्टोरेज तपासलं, केबली हलवल्या, व्हेंडरला फोन केला. शेवटी दिसलं की पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या होस्टवर पोर्ट ग्रुपच्या नावातलं एक अक्षर मोठ्या लिपीत होतं आणि पाचव्यावर नावाच्या शेवटी एक मोकळी जागा पडली होती. ईएसएक्सआयच्या लेखी ही तीन वेगळी नेटवर्कं. व्हीएमला जायला जागाच नव्हती. तेव्हापासून माझा नियम: नाव टाइप करायचं नाही, चिकटवायचं. आणि होस्ट वाढले की डिस्ट्रिब्यूटेड स्विच किंवा होस्ट प्रोफाइल वापरायचं, म्हणजे नाव एकाच ठिकाणी लिहिलं जातं.

एक काम, एक दार

होस्ट व्हीसेंटरच्या ताब्यात दिला की त्याचं काम व्हीसेंटरमधूनच कर. त्या होस्टवर थेट लॉगिन केलंस तर वर पट्टी दिसते की हा होस्ट अमुक व्हीसेंटरच्या ताब्यात आहे. ती पट्टी सजावटीची नाही. घरात सुनेने डब्यात साखर भरली आणि सासूने त्याच डब्यात रवा ओतला, असं व्हायला वेळ लागत नाही.

दोन दारांमधला सर्वात धोक्याचा फरक शब्दांचा आहे. व्हीसेंटरमध्ये व्हीएमवर राइट क्लिक केलंस तर दोन पर्याय जवळजवळ दिसतात: "रिमूव्ह फ्रॉम इन्व्हेंटरी" आणि "डिलीट फ्रॉम डिस्क". पहिला फक्त यादीतून नाव काढतो, दुसरा फायली पुसतो. होस्ट क्लायंटमध्ये पहिल्याचं नाव "अनरजिस्टर" होतं आणि दुसरा नुसताच "डिलीट" म्हणून उभा असतो. व्हीसेंटरची सवय लागलेला हात घाईत होस्टवर गेला की "डिलीट म्हणजे यादीतूनच जाईल" असं मनाला वाटतं. जात नाही, डिस्कवरून जातं. म्हणून होस्टवर थेट काम करताना पुसायचं काहीही एकट्याने करायचं नाही. शेजाऱ्याला बोलवायचं, व्हीएमचं नाव मोठ्याने वाचायचं, मगच बटण दाबायचं. ऑफिसात लोक हसतात, हसू दे.

तसंच "डिसकनेक्ट" आणि "रिमूव्ह". होस्टचं काही काम निघालं तर त्याला डिसकनेक्ट कर; यादी, परवानग्या आणि आकडेवारी तशीच राहते. रिमूव्ह केलंस तर व्हीसेंटर त्या होस्टचं सगळं विसरतं. पुन्हा जोडशील तेव्हा तो नवा पाहुणा असतो, फोल्डर आणि परवानग्या नव्याने मांडाव्या लागतात.

आणि कोणी काय केलं ते शोधायचं असेल तर कुठे बघायचं? व्हीसेंटरमधून केलेलं काम होस्टच्या नोंदींमध्ये "व्हीपीएक्सयूजर" या नावाने दिसतं. होस्ट जोडताना व्हीसेंटरने त्याच्यावर बनवलेलं हे खातं आहे आणि त्याचा पासवर्ड व्हीसेंटर स्वतःच बदलत राहतं. त्याला हात लावू नकोस. खरा माणूस व्हीसेंटरच्या इव्हेंटमध्ये सापडतो, तोही प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं दिलं असेल तरच. सगळे एकाच ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने शिरत असतील तर चौकशीत सगळेच निर्दोष आणि सगळेच संशयित.

मुकादम कुठे झोपतो हे माहीत असू दे

आता माझी सर्वात महाग पडलेली रात्र सांगते. ऑफिस कोणतं ते विचारू नकोस.

जुलैतला शनिवार. वीज गेली, जनरेटर चालू होईना, यूपीएसमध्ये वीस मिनिटं उरली. आम्ही शिस्तीने सगळ्या व्हीएम बंद केल्या, शेवटी व्हीसेंटर बंद केलं, मग सहाही होस्ट बंद केले. एकमेकांची पाठ थोपटली. रात्री एक वाजता वीज आली. होस्ट चालू केले आणि वाट बघत बसलो. काहीच उठेना. उठणार कसं? एचए अपघाताने बंद पडलेल्या व्हीएम उठवतो. आपण स्वतः नीट बंद केलेल्या व्हीएमना तो हात लावत नाही. आणि होस्टला स्वतःची ऑटोस्टार्टची सोय असते, ती एचए क्लस्टरमध्ये बंद असते.

ठीक, व्हीसेंटर हाताने चालू करू. पण ते होतं कोणत्या होस्टवर? डीआरएसने त्याला कधी कुठे हलवलं होतं कोणास ठाऊक. म्हणजे सहा होस्टांवर एकेक करून शिरायचं. नावाने उघडेना, कारण डीएनएस स्वतःच एक बंद पडलेली व्हीएम होती. आयपी पत्ते कोणाला पाठ नव्हते. रूट पासवर्ड पासवर्डांच्या तिजोरीत होते, आणि ती तिजोरीही त्याच क्लस्टरमधली व्हीएम. आठवणीतले पासवर्ड टाकून बघितले, तर पाच वेळा चुकल्यावर खातं पंधरा मिनिटं कुलूपबंद. सर्व्हरच्या समोरच्या कन्सोलला हे कुलूप लागू नसतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. शेवटी हाताखालच्या एका पोराच्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वीची एक्सेल फाइल सापडली. व्हीसेंटर पाचव्या होस्टवर होतं. ते उठलं तेव्हा बाहेर दूधवाल्याच्या सायकलीची घंटी वाजत होती.

यंत्रं सगळी धडधाकट होती. किल्ल्या तेवढ्या कपाटात ठेवून आम्ही कपाटालाच कुलूप लावलं होतं. त्या रात्रीतून हे पाच नियम निघाले. ते वहीत लाल शाईने आहेत:

1. डीआरएसमध्ये नियम घाल की व्हीसेंटर शक्यतो पहिल्या दोन होस्टांपैकी एकावर राहील. नियम "शक्यतो" या जातीचा ठेव, "असायलाच हवं" या जातीचा नको. नाहीतर ते दोन्ही होस्ट मेले तर एचएही त्याला दुसरीकडे उठवणार नाही.

2. प्रत्येक होस्टचं नाव, आयपी पत्ता आणि आयलो किंवा आयड्रॅकसारख्या सर्व्हरच्या वेगळ्या कन्सोलचा पत्ता, हे सगळं कागदावर छापून ठेव. कागदाला वीज लागत नाही.

3. रूट पासवर्ड सीलबंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात. बदलला की त्याच दिवशी नवं पाकीट.

4. एक डीएनएस सर्व्हर आणि वेळ देणारा एक सर्व्हर क्लस्टरच्या बाहेर ठेव. व्हीसेंटर नावावर जगतं. नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळले नाहीत किंवा घड्याळं पुढेमागे झाली की लॉगिनच रुसतं.

5. उठण्याचा क्रम लिहून भिंतीवर लाव: स्विच, स्टोरेज, होस्ट, डीएनएस आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी, व्हीसेंटर, मग डेटाबेस, शेवटी बाकीचे.

अडचणीच्या वेळी नेटवर्कची एक पायवाट

हे फार कमी लोक करून ठेवतात. डिस्ट्रिब्यूटेड स्विचवर नेहमीचा पोर्ट ग्रुप "स्टॅटिक" बांधणीचा असतो, म्हणजे पोर्ट वाटण्याचा हक्क फक्त व्हीसेंटरचा. ज्या व्हीएमना आधीच पोर्ट मिळाले आहेत त्यांचं व्हीसेंटरविना काही अडत नाही. पण समज, व्हीसेंटरच मेलं आहे आणि बॅकअपमधून काढून ते तू थेट एखाद्या होस्टवर उभं करतो आहेस. त्याला नेटवर्क जोडायला जाशील तर पोर्ट मिळणार नाही, कारण पोर्ट देणारं व्हीसेंटर तर तूच उठवतो आहेस. आपल्याच घराबाहेर उभं राहून आपणच घंटी वाजवायची, अशी गत.

उपाय सोपा: व्हीसेंटरच्याच व्हीलॅनवर "इफेमरल" बांधणीचा एक जादा पोर्ट ग्रुप आधीच करून ठेव. त्यातले पोर्ट होस्ट स्वतः देऊ शकतो. रोजच्या कामाला तो वापरू नकोस. नावातच "फक्त आणीबाणीसाठी" असं लिही, म्हणजे नव्या पोराने गंमत म्हणून तिथे व्हीएम बसवायला नको. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येही एक होस्ट थेट आयपी पत्त्याने जोडता येतो का ते आधीच बघून ठेव, कारण व्हीसेंटर परत आणायचं तर व्हीसेंटरला विचारून चालणार नाही.

दार बंद कर, पण चिणू नकोस

सुरक्षेची माणसं तुला लॉकडाउन मोड लावायला सांगतील. लाव. होस्टवर थेट लॉगिन बंद होतं आणि सगळी ये-जा व्हीसेंटरमधून, नावानिशी होते. पण त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या लॉकडाउनमध्ये सर्व्हरची समोरची कन्सोल उघडी राहते. व्हीसेंटर गेलं तरी तिथून कुलूप काढता येतं. कडक लॉकडाउनमध्ये तीही बंद होते. कडक लॉकडाउन लावलं, अपवाद म्हणून एकही खातं ठेवलं नाही, एसएसएचही बंद, आणि नेमकं व्हीसेंटर कायमचं गेलं, तर त्या होस्टमध्ये शिरायचा एकच मार्ग उरतो: ईएसएक्सआय नव्याने बसवणं. म्हणून कडक लावायचंच असेल तर अपवादाच्या यादीत एक खातं ठेव आणि त्याचा पासवर्डही त्याच पाकिटात घाल.

उलट बाजूही विसरू नकोस. फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरचे ईएसएक्सआय होस्ट कुलूपबंद केले. ज्या छिद्रातून ते शिरलं त्याचा पॅच दोन वर्षं आधी, फेब्रुवारी 2021 मध्येच निघाला होता. ते होस्ट थेट इंटरनेटवर उघडे होते. व्हीसेंटरमध्येही 2021 मध्ये अशीच गंभीर छिद्रं सापडली, आणि तिथे शिरलेल्याला एका होस्टऐवजी सगळा जुडगाच हाती लागतो. तेव्हा होस्ट असो की व्हीसेंटर, दोघांचं दार वेगळ्या व्यवस्थापन नेटवर्कात ठेव आणि पॅचला उशीर करू नकोस.

पॅचचा क्रमही पाठ कर: आधी बॅकअपचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला चालतं का ते बघ, मग व्हीसेंटर, मग होस्ट, शेवटी व्हीएममधली टूल्स. मुकादमाला गवंड्यापेक्षा कमी कळून चालत नाही. व्हीसेंटरची आवृत्ती होस्टच्या बरोबरीची किंवा पुढची हवी.

"नॉट रिस्पॉन्डिंग" दिसलं की

पहिल्या महिन्यात तुला हे नक्की दिसेल: होस्ट करडा पडला आणि पुढे "नॉट रिस्पॉन्डिंग". याचा अर्थ होस्ट मेला असा नाही. होस्ट ठरावीक सेकंदांनी व्हीसेंटरला आपण जिवंत असल्याचं कळवत असतो. साधारण मिनिटभर निरोप आला नाही की व्हीसेंटर असं लिहितं. निरोप्या आजारी असेल किंवा वाटेतलं फायरवॉल अडवत असेल.

अशा वेळी हा क्रम: आधी त्या होस्टवरच्या एखाद्या व्हीएमला पिंग कर. ती बोलत असेल तर घाबरायचं कारण नाही आणि होस्ट रीस्टार्ट करण्याचं तर नाहीच. मग होस्टचं थेट दार उघडून बघ. ते उघडलं तर भानगड होस्ट आणि व्हीसेंटर यांच्या मधल्या वाटेत आहे किंवा होस्टवरच्या व्हीसेंटरच्या एजंटमध्ये. तेही उघडेना, तर समोरच्या कन्सोलवर एफ 2 दाबून मॅनेजमेंट एजंट रीस्टार्ट करायची सोय आहे. त्याने व्हीएम बंद पडत नाहीत. पण स्टोरेजचं किंवा नेटवर्कचं काही सॉफ्टवेअर होस्टवरच बसवलेलं असेल तर आधी वरिष्ठाला विचार.

आमच्या काळी एका पोराने करडा होस्ट बघून सरळ पॉवरचं बटण दाबलं होतं. त्यावर अठरा व्हीएम सुखाने चालत होत्या. मी त्याला रागावले नाही, कारण त्याला थेट दार आहे हे कोणी दाखवलंच नव्हतं. चूक माझी होती.

मुकादमाचीही तब्येत बघ

व्हीसेंटर बहुधा आजारी पडतं ते विसरभोळेपणाने, आणि विसरभोळे आपण असतो. व्हीसेंटरच्या रूट खात्याचा पासवर्ड मूळ मांडणीत 90 दिवसांनी संपतो. त्याचं मुख्य प्रमाणपत्र साधारण दोन वर्षांचं असतं. लॉगचा कप्पा भरला की सेवा बंद पडतात आणि लोक नेटवर्कला शिव्या देतात. या तिन्ही गोष्टी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाक. पासवर्ड आणि प्रमाणपत्राचं स्मरण पंधरा दिवस आधी, लॉगच्या कप्प्याचं दर आठवड्याला.

बॅकअप दोन तऱ्हेचा घे. पोर्ट 5480 वर व्हीसेंटरचं स्वतःचं व्यवस्थापन पान उघडतं. तिथून त्याचा फायलींचा बॅकअप रोज बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ दे. शिवाय डिस्ट्रिब्यूटेड स्विचची मांडणी वेगळी एक्स्पोर्ट करून ठेव. आणि स्नॅपशॉटला बॅकअप म्हणू नकोस. पॅचआधी घे, काम झालं की पूस, तीन दिवसांच्या वर ठेवू नकोस. विसरलेला स्नॅपशॉट डेटास्टोअरमध्ये उसाच्या शेतातल्या गवतासारखा वाढतो.

मुकादम बदलला तरी

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचा हिशेब बदलला आणि अनेक लहान कचेऱ्या दुसरीकडे बघू लागल्या. तुलाही उद्या प्रॉक्समॉक्स भेटेल. तिथे वेगळा मुकादम लागत नाही. कोणत्याही एका नोडचं पान उघड, सगळं क्लस्टर तिथून दिसतं. पण तिथे बहुमत लागतं. दोनच नोड असले आणि एक गेला, तर उरलेल्यावरच्या व्हीएम चालत राहतात, पण नवी चालू करता येत नाही, कारण एकट्याचं बहुमत होत नाही. म्हणून तिसरं मत कुठून तरी आणून ठेवायचं. हायपर-व्हीमध्ये क्लस्टरमधल्या व्हीएमचे बदल फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमधून कर, एकट्या होस्टच्या हायपर-व्ही मॅनेजरमधून नको. म्हणजे नाव कोणतंही असो, तीनच प्रश्न विचारायचे: निर्णय कोण घेतं, ते गेलं तर काय चालू राहतं, आणि तेव्हा मी कोणत्या दाराने आत जाऊ?

शेवटचा कानमंत्र, आणि हाच मुख्य

साहेबांच्या वहीत पहिल्या पानावर एकच ओळ होती: "वर्षातून दोनदा मुकादमाला रजा द्यावी." मला ती अनेक वर्षं विनोद वाटायची. त्या जुलैनंतर कळली.

सहा महिन्यांतून एकदा, एखाद्या शनिवारी दुपारी, साहेबांना सांगून व्हीसेंटर तासभर बंद कर. बाहेरच्या कोणाला कळणारही नाही, आणि ते कळलं नाही हेच तुझं पहिलं उत्तीर्ण होणं. मग कागद काढ. पाकीट फोड. प्रत्येक होस्टवर आयपी पत्त्याने शीर. व्हीसेंटर कोणत्या होस्टवर आहे ते शोध. एखादी चाचणीची व्हीएम इफेमरल पोर्ट ग्रुपवर लावून तिला पिंग कर. शेवटी व्हीसेंटर चालू कर आणि ते पूर्ण उठायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघून लिहून ठेव. खऱ्या रात्री साहेब "किती वेळ लागेल?" असं विचारतील तेव्हा तुझ्याकडे आकडा असेल. पाकीट नव्याने सील करायला विसरू नकोस.

पहिल्यांदा करशील तेव्हा काहीतरी चुकेलच: एक पासवर्ड जुना निघेल, एक आयपी बदललेला असेल. शनिवारी दुपारी चुकलं तर चहा पिता पिता दुरुस्त होतं.

लाल वही दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा. मागची बारा पानं कोरी आहेत. आधीच्या चुका वाचून घे आणि नव्या लिही. त्याच पुन्हा लिहून पानं वाया घालवू नकोस.

तुझी आत्या